झोपेचा उपचार, फोनवरून

‘वय झालं की झोप कमी होणारच.’ गावाकडे आजी-आजोबांची तक्रार बहुतेकदा याच वाक्यात निकालात निघते. उतारवयात झोप उथळ होते हे खरं. पण रोज मध्यरात्री जाग येऊन मन कुरतडत राहणं हा आजार आहे. तो नैराश्याला वाट करून देतो आणि नैराश्य उरलीसुरली झोपही उडवतं.

अशा जुनाट निद्रानाशावर गोळीआधी वर्तनोपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये केली. या उपचारातली मुख्य सूचना ऐकून कुणीही चक्रावेल: अंथरुणात कमी वेळ घालवा! साडेआठला पाठ टेकून पहाटे साडेपाचला उठणारी आजी नऊ तास अंथरुणात असते, झोपते जेमतेम सहा. उरलेले तीन तास कूस बदलण्यात आणि काळजीत जातात. हळूहळू अंथरूण म्हणजे जागरण, हे समीकरण मेंदूत पक्कं होतं. म्हणून तिला सांगतात, अकराच्या आधी आडवं व्हायचं नाही. डोळा लागत नसेल तर उठून बसायचं. उठण्याची वेळ मात्र रोज तीच. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साचत जातं, झोपेची ओढ वाढते आणि झोप सलग लागू लागते. मग अंथरुणातला वेळ थोडा थोडा वाढवतात. पहिले काही दिवस जड जातात. अपस्मार असेल किंवा तोल जात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

यात सगळं काम बोलण्याचं आहे, म्हणून फोन पुरतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात संधिवात आणि निद्रानाश असलेल्या साठीपुढच्या ३२७ जणांवर चाचणी झाली. आठ आठवड्यांत सहा फोन, प्रत्येकी अर्ध्या तासापर्यंत. वर्षभरानंतर उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण निद्रानाशातून बाहेर होते. फोनवर फक्त माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण पाव भागाच्या आसपास होतं.

गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून प्रत्यक्ष भेटीत असंच काम करून घेतलं. नैराश्याची सौम्य लक्षणं असलेल्या १८१ ज्येष्ठांपैकी ९१ जणांना झोपेची शिस्त आणि अडचणी सोडवण्याची रीत शिकवली. वर्षभरात त्यांच्यातल्या चौघांना नैराश्याने गाठलं. उरलेल्या ९० जणांत तेरा जणांना.

मला या दोन प्रयोगांची सांगड महत्त्वाची वाटते: प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी फोनवरून हा उपचार द्यावा. त्यात अडचण खासगीपणाची आहे. घरात सगळ्यांचा मिळून एकच फोन असेल, तर सुनेसमोर सासू मनातलं बोलणार कशी? आरोग्य उपकेंद्रात त्यासाठी एक बंद खोली मिळायलाच हवी.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, मराठीतही. घरातलं म्हातारं माणूस रात्र रात्र जागत असेल, तर हा क्रमांक त्यांना लावून द्या आणि बोलणं होईपर्यंत बाहेर थांबा.