जाताना जास्त, येताना कमी

चिलीची राजधानी सांतियागो ते ईस्टर बेटावरचा माताव्हेरी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 3,750 किलोमीटर. ताशी 900 किलोमीटर वेगाने भागलं तर चार तास दहा मिनिटं येतात. प्रत्यक्षात जाताना पाच-साडेपाच तास लागतात आणि परतताना त्याहून पाऊणएक तास कमी. टॅक्सींग, चढण, उतरण यांत थोडा वेळ जातो, पण जाण्यायेण्यातला फरक वाऱ्याचा. या अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. बेट पश्चिमेला आहे, म्हणजे जाताना वारा तोंडावर.

वाटतं, जाताना गेलेला वेळ येताना भरून निघेल. निघत नाही. समोरून ताशी 100 किलोमीटरचा वारा धरा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग 800, वेळ चार तास एक्केचाळीस मिनिटं. येताना वेग 1,000, वेळ पावणेचार तास. बेरीज आठ तास सव्वीस मिनिटं. वारा नसता तर आठ तास वीस. विरोधी वारा विमानाला जास्त वेळ छळतो, पाठचा कमी वेळ मदत करतो. वारा कोणत्याही दिशेचा असो, जाऊन-येऊन थोडा तोटा होतोच.

याच गणिताला खाली निव्वळ पाणी असलं की धार येते. वाटेत इंजिन बिघडलं तर पुढे जायचं की मागे फिरायचं? निम्म्या वाटेपर्यंत मागे, असं कुणीही म्हणेल. पण मागे फिरलं की वारा पाठीशी येतो. म्हणून वरच्याच आकड्यांनुसार समान वेळेचा बिंदू मध्यावर नसून 2,083 किलोमीटरवर पडतो, मध्यापासून दोनशे किलोमीटर बेटाकडे. तिथून कुठेही जा, दोन तास पाच मिनिटं. (एका इंजिनावर वेग आणखी घटतो, इथे फक्त तत्त्व पाहायचं आहे.)

एरवी उतरायच्या ठिकाणी धुकं असलं तर वैमानिक जवळच्या दुसऱ्या विमानतळाकडे वळतो आणि तेवढं इंधन सोबत घेतलेलं असतं. माताव्हेरीहून सर्वांत जवळचा विमानतळ फ्रेंच पॉलिनेशियातल्या गँबिए बेटांवर, सुमारे 2,600 किलोमीटर दूर. पिटकेर्न बेट त्याहून जवळ, पण तिथे धावपट्टीच नाही. अशा एकाकी विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय नियम वेगळा आहे: पर्यायी विमानतळ नसेल, तर डोक्यावर दोन तास उडत राहता येईल इतकं इंधन हवं. हे इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, हा भाग तिकीट काढणाऱ्याला दिसत नाही.

बेटावर पहिलं विमान 1951च्या जानेवारीत पोचलं. चिलीच्या हवाई दलाचे रोबेर्तो पारागे ला सेरेनाहून कॅटालिना या पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानाने निघाले आणि त्यांना सुमारे 19 तास लागले. पुढे 1980च्या दशकात नासाने स्पेस शटलच्या आणीबाणीच्या अवतरणासाठी धावपट्टी वाढवायला मदत केली. शटल तिथे कधी उतरलं नाही, पण 3.3 किलोमीटरची धावपट्टी मोठ्या जेट विमानांच्या कामी आली.

ती धावपट्टी मात्र एकच. म्हणून एक विमान बेटाजवळ येत असताना मागून येणाऱ्या दुसऱ्याला परत फिरण्याची हद्द ओलांडू देत नाहीत. पहिलं उतरल्याची खातरजमा आधी होते. पहिल्याचं चाक फुटून पट्टी अडली, तरी दुसऱ्याकडे सांतियागोला परतण्याइतकं इंधन उरलेलं असतं.