साबण, स्वच्छता आणि कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व

हिंदुस्तान लिव्हर कंपनीने २००२ मध्ये ग्रामीण भागात 'लाइफबॉय स्वास्थ्य चेतना' हा उपक्रम सुरू केला. नुसत्या पाण्याने धुतलेल्या हातांवर उरणारी पावडर अतिनील प्रकाशात चमकते, हे शाळकरी मुलांना दाखविण्यात आले. साबणाने हात धुतल्यास अतिसार घटतो, हे निर्विवाद. पण त्याबरोबर साबणाचा खपही वाढतो. आरोग्याच्या प्रश्नाशी उत्पादन जोडणाऱ्या अशा विक्रीतंत्रास 'कॉज मार्केटिंग' म्हणतात. ते निषिद्ध नव्हे. मात्र त्यास दानधर्म समजणे भाबडेपणाचे ठरेल.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावयाची असते. स्वतःच्या उत्पादनाच्या विपणनलाभासाठी दिलेले प्रायोजकत्व २०२१ च्या सुधारित नियमांनी या खर्चातून स्पष्टपणे वगळले आहे.