ही गोगलगाय कोणती बाई?

मैत्रिणींनो, जुहूला भेळ झाली, मुलांचा वाळूचा किल्ला झाला, की आपली चौपाटी संपली! पण पाणी चांगलं ओसरलेलं असेल, तर जरा खडकांकडेही वळा. एखाद्या डबक्यात बोटाच्या पेराएवढा, मऊ, रंगीत जीव सरपटताना दिसायचा. ही बिनशंखाची सागरी गोगलगाय बरं का!

मुलं लगेच विचारणार, “आई, हिचं नाव काय?” तेव्हा “किडा आहे, सोड!” म्हणू नका. नीट पाहिलं तर निदान तिचं घराणं तरी सांगता येतं.

डोक्यावर दोन शिंगं आणि पाठीच्या मागच्या बाजूला फुलासारखा पिसारा दिसला, तर तो पिसारा म्हणजे तिचे कल्ले. अशा बहुतेकजणी स्पंजावर जगतात. पिसारा नसून पाठभर बोटांसारखे कोंब असले, तर घराणं वेगळं. पानासारखी हिरवीगार असली, तर ती शेवाळ खाणारी; त्यातले हिरवे कण ती अंगात जपून ठेवते. आणि कागदासारखं पातळ, कल्ले नसलेलं काही वाहत्या पाण्यासारखं सरकलं, तर ती गोगलगाय नव्हेच, चपटा कृमी!

आता नेमकं नाव हवं, तर जाणकारांना पुढील माहिती लागते:

• वरून आणि बाजूनं काढलेले फोटो, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.
• ती कशावर बसली होती, काय खात होती.
• जागा, तारीख आणि वेळ.

बाटलीत भरून मात्र घरी आणू नका. नळाच्या पाण्यात ती मरते आणि मेल्यावर रंग उडतो, मग ओळखायचं कशावरून? दगड उलटलात तर पुन्हा होता तसाच ठेवा.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी मोठी असते. वेळ आधी पाहून ठेवा, घट्ट चप्पल घाला आणि पाणी फिरायच्या आत परता. एकटीनं जायचं नसेल, तर 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची जाणकार मंडळी लोकांना असे किनारे दाखवत आली आहेत.

एवढा खटाटोप कशाला, म्हणाल? 1946 साली विंकवर्थ यांनी इथल्याच एका जातीचं वर्णन केलं. ‘गोनिओब्रँकस बॉम्बेयानस’ या तिच्या नावात आपलं शहर आहे. किनाऱ्यावर भराव पडतो, रस्ते होतात. तिथे कोण राहत होतं याची नोंदच नसेल, तर कोण गेलं हे तरी कसं कळणार? तुमच्या मुलानं काढलेला एक स्वच्छ फोटो, तारखेसकट, हीसुद्धा नोंदच आहे.