ताडोबाची जिप्सी आणि नव्या इंजिनाचा प्रश्न

ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा किंवा नवेगाव फाटकावर पहाटे जाऊन बघा, रांगेत जिप्सीच जास्त दिसतील. एमएच 34 ची पाटी, उघडं छप्पर, मागे पर्यटकांची बाकं. मारुतीने 1985 च्या अखेरीस ही गाडी आणली आणि 2019 च्या सुरुवातीला सर्वसामान्यांसाठी तिचं बुकिंग बंद केलं. तेव्हापासून जंगलातली जिप्सी म्हातारी होत चालली आहे आणि तिच्या जागी तीच गाडी नवी घेता येत नाही. 2023 मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी तिची वारसदार खरी, पण ती चार माणसांची, पक्क्या छपराची गाडी. बफरमधल्या गावांतल्या कितीतरी घरांचा संसार या जुन्या गाड्यांवर चालतो. म्हणून एक प्रश्न गंभीरपणे विचारायला हवा. सांगाडा तोच ठेवून इंजिन बदललं तर?

सांगाडा ठेवण्याजोगा आहे, याबद्दल मला शंका नाही. शिडीसारखी चासी, पुढे-मागे पाटे, दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, आणि गरज पडली तर चारही चाकांना लो गिअरमध्ये ओढ देणारा ट्रान्सफर केस. यात न समजण्यासारखं काही नाही, त्यामुळे चंद्रपुरातला कुठलाही जाणता मिस्त्री ती उघडून बांधू शकतो. कापडी छपराच्या जिप्सीचं वजन हजार किलोच्याही आत. तिच्यावर सहा पर्यटक, एक गाइड आणि चालक मिळून अर्ध्या टनाहून जास्त भार चढतो. स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओझं घेऊन मुरमाच्या रस्त्यावर सकाळ-दुपार चालणारी दुसरी इतकी हलकी गाडी आपल्याकडे झाली नाही.

इंजिनाचं तसं नाही. पहिल्या जिप्सीला 970 सीसीचं इंजिन होतं आणि भरलेल्या गाडीला चढावर ते अपुरं पडायचं. 1996 मध्ये जिप्सी किंगसोबत 1298 सीसीचं आलं, पुढे त्याला सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय मिळालं. ताकद 80 अश्वशक्तीपर्यंत गेली, पण ती मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर. सर्वांत जास्त टॉर्क मिळतो 4500 फेऱ्यांच्या आसपास. सुझुकीचं हे जी मालिकेचं कुटुंबच पळणारं. एस्टीममध्ये याच घराण्याचं इंजिन होतं, आणि जपानी स्विफ्ट जीटीआय या चपळ स्पोर्ट्‌स हॅचबॅकमध्ये याच मालिकेचं 1.3 लिटरचं इंजिन दोन कॅमशाफ्ट घेऊन शंभरच्या आसपास अश्वशक्ती देत होतं. ताडोबात मात्र गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. पळण्यासाठी बांधलेल्या इंजिनाला इथे दिवसभर रांगावं लागतं. त्यात मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर जातो. सावकाश चालणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर.

जास्त ताकदीचं इंजिन बसवण्याचा हौशी लोकांचा आवडता मार्ग म्हणजे जुन्या बलेनोचं 1.6 लिटरचं, नव्वदहून जास्त अश्वशक्तीचं इंजिन. तेही जी मालिकेतलंच, त्यामुळे घरातल्या घरात सोयरीक असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काम मोठं आहे. बॉनेट, जाळी, रेडिएटर काढून जुनं इंजिन चेन पुलीवर उचलायचं, इथवर सोपं. बलेनोत हे इंजिन आडवं बसलेलं आणि पुढची चाकं फिरवणारं, जिप्सीत ते उभं बसून मागच्या गिअरबॉक्सला जोडावं लागतं. म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा आकार बदलला पाहिजे, नाहीतर खड्ड्यात पुढचा अ‍ॅक्सल वर उचलला की चेंबरला धडकणार. चेंबर बदललं की आतली तेलाची जाळी बदलते. माउंटिंगच्या पट्ट्या नव्याने कापून वेल्डिंग करायच्या, सायलेन्सरचा पाइप नव्याने वाकवायचा, पाण्याचे होज वेगळे, वायरिंग आणि ईसीयू त्या इंजिनाचंच आणायचं. एवढं जमल्यावरही गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल शाफ्ट आणि ब्रेक 1.3 च्या हिशेबाने बनलेलेच राहतात. रॅलीत उतरणाऱ्यांसाठी हा बदल योग्य आहे, कारण त्यांना वरच्या फेऱ्यांतलीच ताकद हवी असते. सफारीसाठी तो निरुपयोगी आहे. रांगणाऱ्या गाडीला आणखी जोरात पळणारं इंजिन देऊन काय साधणार?

आपल्याकडे इंजिनबदलाचा मोठा धडा महिंद्राच्या जीपने दिला आहे. विलीजच्या जीपमधलं पेट्रोलचं हरिकेन इंजिन तेल फार प्यायचं. कंपनीनेच पुढे डिझेल इंजिनं दिली, 1980 च्या दशकात प्यूजोचं एक्सडीपी 4.90 आलं, आणि खेड्यापाड्यांतली जीप खऱ्या अर्थाने परवडू लागली. कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ, हा डिझेलचा गुण जंगलाच्या वाटेलाही हवाच आहे. पण त्याबरोबर खडखडाट आणि धूर येतो, आणि वाघाच्या घरात तो नको. खालच्या फेऱ्यांतली ओढ हवी आणि आवाज नको, या दोन अटी एकत्र ठेवल्या की उत्तर विजेच्या मोटरकडे जातं. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क देते.

हे कागदावरचं स्वप्न नाही. एप्रिल 2023 मध्ये भारतीय लष्कराने आपल्या जुन्या जिप्सीचं विजेवर चालणारं रूप दाखवलं. ते काम आयआयटी दिल्लीत उभ्या राहिलेल्या टॅडपोल प्रोजेक्ट्स या नवउद्योगाने केलं होतं. मोटर 30 किलोवॉटची, एका चार्जिंगवर 120 किलोमीटर. सफारीच्या सावकाश फेरीला हे पुरेसं आहे आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या दुपारी चार्जिंगला वेळही मिळतो. वजनाचा हिशेबही बसतो. किलोमागे 150 वॉट-तास धरले तर 20 किलोवॉट-तासांची बॅटरी 130 किलोच्या थोडी पुढे जाईल. उलट इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि 40 लिटर पेट्रोलसह टाकी उतरते. प्रश्न जागेचा आहे. हे वजन चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये, खाली बसलं पाहिजे. मागे बाकांखाली रचलं तर वळणावर गाडी डोलेल.

आणखी एक फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. गाइड वाघ शोधतो तो आधी कानांनी. चितळाचा कॉल, वानराचं खोकणं, मोराची हाक यांवरून तो दिशा धरतो, आणि त्यासाठी दर वेळी इंजिन बंद करून थांबावं लागतं. विजेच्या गाडीत चालता चालता ऐकता येईल. धोकाही तिथेच आहे. वळणापलीकडच्या अस्वलाला गाडीची चाहूल लागणार नाही. अशा गाड्यांसाठी चालक-गाइडांचं वेगळं प्रशिक्षण हवं.

मनाला येईल ते इंजिन गाडीत टाकता येत नाही, हेही मालकांनी लक्षात ठेवावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात हे आणखी स्पष्ट केलं. विजेच्या रूपांतरासाठी मात्र रस्ता खुला आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मंजूर केलेलं किट, ते अधिकृत केंद्रात बसवणं आणि आरटीओत इंधनाची नोंद बदलणं, असा तो रस्ता. हे टाळून केलेल्या बदलाचा अपघातानंतर विमा मिळवताना काय निकाल लागेल, हे सांगायला नको. सहा पर्यटकांचा जीव मागच्या बाकांवर असतो.

धुराबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ताडोबापासून जवळच चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र कोळसा जाळतं. इथली वीज त्याच कोळशाची. जंगलातला धूर कमी होईल, जिल्ह्यातला तेवढा होणार नाही. फाटकावरच्या चार्जिंगला सौर पॅनेल जोडले तरच हिशेब पूर्ण होतो, आणि चंद्रपूरच्या उन्हाला तोटा नाही.

गडचिरोलीत मी हा बदल सुचवणार नाही. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो. एटापल्ली, सिरोंचाच्या आतल्या वाटांवर वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. तिथे पेट्रोलचा कॅन आणि मिस्त्रीला ठाऊक असलेलं 1298 सीसीचं इंजिनच माणसाला घरी आणतं. त्या गाड्यांना इंजिनकाम करून, नवा रेडिएटर घालून जपावं.

ताडोबासाठी माझं मत वेगळं आहे. वनविभागाने एका फाटकावर मंजूर किटच्या थोड्या जिप्सी आधी पूर्ण मे महिना आणि मग पावसाळ्यानंतरचा पहिला महिना चालवून बघाव्यात, बॅटरीचं तापमान आणि रोजची धाव लिहून ठेवावी आणि ते आकडे जिप्सीमालकांसमोर उघडपणे मांडावेत. कर्ज काढायचं की नाही, हे त्या आकड्यांवर मालकांना ठरवू द्यावं.