रात्रीचं दूध सर्वांत शेवटी
(लेखमाला ‘दुसरं वर्ष’ : भाग ६)

कडुनिंबाचा पाला वाटून लाव, कोरफडीचा गर चोळ, नाहीतर बाळाला चार दिवस आजीकडे पाठवून दे. मूल दीड वर्षाचं झालं की अंगावरचं दूध तोडायचे हे उपाय प्रत्येक आईच्या कानावर येतात. सांगणाऱ्या बायकांनी ते स्वतः केलेले असतात, त्यांची मुलंही चांगली वाढलेली असतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन असतं. तरीही मला हे उपाय नकोसे वाटतात. दीड वर्षाच्या मुलाला भूक लागो, झोप येवो, पडो, घाबरो, ते एकाच ठिकाणी धाव घेतं. ती जागा एका सकाळी अचानक कडू होते, किंवा आईच घरातून नाहीशी होते, आणि असं का झालं हे विचारायला त्याच्याकडे शब्द नसतात.

आईच्या शरीरालाही हा धक्का सोसत नाही. मूल पितं तेव्हा प्रोलॅक्टिन वाढतं आणि पुढचं दूध तयार होतं. छाती भरलेली राहिली तर दूध बनण्याचा वेग हळूहळू मंदावतो. या मंदावण्याला दिवस लागतात. पाजणं एकदम थांबवलं तर छाती दाटते, गाठी होतात, ताप भरतो, कधी पू होण्यापर्यंत मजल जाते. घट्ट कापड बांधायच्या जुन्या रीतीने त्रास वाढतोच. त्यापेक्षा एक वेळचं दूध बंद करावं, पाच-सहा दिवस जाऊ द्यावेत आणि मगच दुसऱ्या वेळेकडे वळावं. मध्ये दाटल्यासारखं झालं तर आराम पडेल इतपतच हाताने पिळून काढावं, कारण पूर्ण रिकामं केलं की शरीर पुन्हा तेवढंच बनवायला घेतं. दूध आटवायच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

घाई कशाचीच नसते. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही आई-बाळाला हवं तितकं पाजायला सांगते. दुसऱ्या वर्षातही मुलाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश अंगावरच्या दुधातून मिळू शकते. ‘आता त्या दुधात काय कस उरलाय’ असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगावं. पण आईलाच थांबायचं असेल, ती थकली असेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी घरातल्या कुणाची परवानगी लागू नये.

आता खरा प्रश्न : सुरुवात कुठल्या वेळेपासून करायची? दिवसभरातली सगळी पाजणी वरून सारखी दिसली तरी प्रत्येकीचं काम वेगळं असतं. सकाळी उठल्या उठल्या भूक असते. अकराच्या सुमाराला बऱ्याचदा नुसता कंटाळा असतो. दुपारी झोप हवी असते. संध्याकाळी आई कामावरून आली की चप्पल काढायच्या आत ओढणी ओढली जाते, तेव्हा मुलाला दुधापेक्षा आई हवी असते. आणि रात्री हे सगळंच एकत्र येतं.

म्हणून कंटाळ्याचं दूध सर्वांत आधी सुटतं. त्या वेळी मूल घराबाहेर असलं की निम्मं काम झालं. आजोबांनी गेटपाशी भूभू दाखवायला न्यावं, भाजीवालीकडून गाजर निवडून आणावं. घरी असताना आईने नेहमीच्या पाजायच्या जागी बसायचंच नाही, कारण ती खुर्ची, तो कोपरा दिसला की मुलाला आठवण होते. या दिवसांत आपण होऊन पदराखाली घेऊ नये, पण रडवेलं होऊन मागितलं तर झिडकारूही नये. संध्याकाळचं दूध सोडवताना आईने घरात आल्यावर आधी दहा मिनिटं मुलाला नुसतं मांडीवर घेऊन बसावं. चहा आणि स्वयंपाक तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी बघावा.

नोकरी करणाऱ्या आयांच्या घरी रात्र जास्त अवघड जाते. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोयही कायद्यात आली. पण शेतात, दुसऱ्यांच्या घरी किंवा छोट्या दुकानात राबणाऱ्या बहुतेक जणींच्या वाट्याला यातलं काही येत नाही. आई दिवसभर नसली की मूल दिवसाची कसर रात्री भरून काढतं. अशा मुलाचं रात्रीचं दूध आधी तोडायला जाणं मला क्रूरपणाचं वाटतं.

रात्रीची पाळी आली की वडिलांनी पुढे व्हावं. मूल जागं झालं आणि आईचा वास आला की ते पिणारच, त्यात हट्ट कसला? काही रात्री वडिलांनी मुलाशेजारी झोपावं, पेल्यातून पाणी द्यावं, थोपटावं, खांद्यावर घेऊन फिरावं. पहिल्या रात्री आकांत होईल. पण जवळच्या माणसाच्या कुशीत रडणं वेगळं आणि एकट्याने रडणं वेगळं. ‘माझ्याकडे राहत नाही तो’ असं म्हणणाऱ्या वडिलांनी त्याआधी काही आठवडे संध्याकाळची अंघोळ आणि झोपवणं आपल्याकडे घ्यावं, मग राहतं. आजी असेल तर चिऊ-काऊची गोष्ट आहेच.

वाटीकडेही लक्ष हवं. ‘अंगावर पितं म्हणून जेवत नाही’ हा आरोप नेहमी होतो. तीन किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला साधारण नऊ किलोचं होतं, पण दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही कमी होते. दिवसातून तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी (२५० मिलिलीटरची) आणि मध्ये एक-दोनदा थोडं खाणं इतकं पुरतं. वेगळं शिजवायची गरज नाही. तिखट घालण्याआधी त्याची वाटी बाजूला काढावी : मऊ खिचडी, तूप-वरणभात, मोडाच्या मटकीची उसळ कुस्करून, मेथी घातलेलं थालीपीठ, अंडं. वर लिंबू पिळलं तर डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. मुलाच्या हातात चहा-बिस्किट मात्र देऊ नका, चहा तेच लोह अडवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६७ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं.

म्हणूनच अंगावरच्या दुधाऐवजी गाईच्या दुधाच्या बाटल्या सुरू करणं मला पटत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की पोट भरतं आणि लोह मिळणारं जेवण मागे पडतं. दूध पेल्यातून द्यावं. बाटली तोंडात ठेवून झोपण्याने दातांचं काय होतं, ते पुढच्या आठवड्यात पाहू. नुसत्या पेजेवर मूल ठेवणं याहून वाईट. क्वाशिओरकोर हा कुपोषणाचा आजार सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, ओळखला, तो मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलांमध्ये. पाठचं भावंड आलं की अंगावरून तुटलेल्या मुलाच्या वाट्याला असंच जेवण येत होतं.

शेवटचं दूध सुटल्यावर आईला रडू येतं, चिडचिड होते. मोकळं वाटायला हवं होतं आणि वाटत नाही, म्हणून ती स्वतःलाच दोष देते. प्रोलॅक्टिन खाली येताना हे अनेकींना होतं. घरच्यांनी ‘आता सुटलीस ना’ म्हणून विषय संपवू नये. उदासी दोन-तीन आठवड्यांनीही हटली नाही तर डॉक्टरांशी बोलावं.

आणि हे सगळं मूल बरं असताना. नवीन घर, पाठचं बाळ, पाळणाघराचा पहिला महिना, यांत सुरुवात करू नये. मध्येच ताप किंवा जुलाब झाले आणि मूल जेवण नाकारून अंगावरच मागू लागलं, तर निःशंक पाजा. जुलाबात ओआरएसबरोबर तेच त्याला तगवतं. ते बरं होऊन पोटभर जेवू लागलं की अकराच्या दुधापासून पुन्हा सुरुवात करा.