फिगर स्केटरची कारकीर्द : बर्फ, चाके आणि सोलापूर

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ अंशांवर जातो. अशा गावात फिगर स्केटिंगचा विषय काढला की समोरून ठरलेला प्रश्न येतो : बर्फ आणायचा कुठून? प्रश्न रास्त आहे. पण भारतीय स्केटरांच्या आजवरच्या कमाईचा हिशेब मांडला, तर आपल्याकडे बर्फाच्या आधी गुळगुळीत फरशीचे नाव घ्यावे लागते. ती फरशी सोलापूरच्या आवाक्यातली आहे, म्हणून हा आढावा.

आधी या खेळात काय पणाला लागते ते पाहू. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सेनने १८८२ मध्ये व्हिएन्नात एक उडी मारून दाखवली. तिला आजही त्याचेच नाव आहे. उडताना तोंड पुढे आणि उतरताना पाठ पुढे, त्यामुळे या उडीत इतरांपेक्षा अर्धी गिरकी जास्त घ्यावी लागते. स्केटर डाव्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर झुकतो, उजवा गुडघा वर फेकतो, हवेत दोन्ही हात छातीशी घट्ट आवळतो आणि सेकंदभराच्या आत सगळ्या गिरक्या उरकून एका पायावर, मागे सरकत उतरतो. उतरताना त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. साडेतीन गिरक्यांच्या ट्रिपल अ‍ॅक्सेलचे मूळ गुण ८ आहेत. साडेचार गिरक्यांची उडी स्पर्धेत पहिल्यांदा साधली ती अमेरिकेच्या इलिया मालिनिनने, २०२२ मध्ये.

एवढी तयारी व्हायची तर चौथ्या-पाचव्या वर्षी पायात स्केट चढावे लागतात. वाढत्या वयात उंची आणि वजन बदलले की बसलेल्या उड्याही हातच्या निसटतात. घोटा, गुडघा, कंबर यांची दुखणी मागे लागतात. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांच्या कमिला वालियेवाच्या उत्तेजक चाचणीवरून वादळ उठले आणि त्यानंतर वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्यात आली. मुलांचे शरीर आणि मन जपायला हे आवश्यकच होते. अमेरिकेची अलिसा लिऊ १३ व्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, १६ व्या वर्षी थकून निवृत्त झाली, दोन वर्षांनी स्वतःच्या मर्जीने परतली आणि २०२५ मध्ये जगज्जेती ठरली. कॅनडाकडून खेळणाऱ्या डियाना स्टेलाटो-ड्युडेकने दुखापतीमुळे किशोरवयात खेळ सोडला होता. सोळा वर्षांनी ती परतली आणि २०२४ मध्ये वयाच्या चाळिशीत जोडी प्रकारात विश्वविजेती झाली. एकदा खेळ सोडला की कारकीर्द संपली, हा समज या दोघींनी खोडून काढला.

भारतात बर्फाची बाजू लंगडी आहे. शिमल्याचे उघडे रिंक १९२० पासून चालू आहे. तिथे रात्री मैदानावर पाणी सोडतात, थंडीने ते गोठते आणि सकाळी ऊन चढेपर्यंत खेळता येते. तेही हिवाळ्याचे मोजके महिने. देहरादूनचे बंदिस्त रिंक २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभे राहिले, मग वर्षानुवर्षे बंद पडले आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यामुळे भारताचा झेंडा बर्फावर नेला तो अमेरिकेत वाढलेल्या मुलींनी. आधी अमी पारेख आणि आता तारा प्रसाद. ताराने भारताचे नागरिकत्व घेतले आणि २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत ती आठवी आली.

चाकांची गोष्ट मात्र इथल्या मातीतली आहे. हैदराबादच्या अनुप कुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये एकेरीचे कांस्य जिंकले. अवनी पांचाळच्या साथीने जोडीतही कांस्य मिळवले. पुढे तो अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. रोलरमध्येही अ‍ॅक्सेल, साल्काव, लुट्झ आहेत, फिरकी आहे, संगीतावर बसवलेली रचना आहे. स्केट मात्र जड असतात आणि पात्याच्या कडेचे काम चाकांवरच्या रबरी गाद्यांकडून करून घ्यावे लागते. वर्तुळाची रेषा न सोडता फिरण्याचा प्रकार बर्फाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून १९९० नंतर गेला, पण रोलरने तो पुढेही जपला. पायाला शिस्त लावणारे याच्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

महाराष्ट्राच्या मुलांमध्ये चाकांचे वेड आहेच. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेचे कांस्य जिंकणाऱ्या भारतीय चमूत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. तो वेगाचा खेळ. आपल्या गावोगावच्या उन्हाळी शिबिरांतही बहुतेक मुले वेगाकडेच वळतात, कारण त्याला रस्ता किंवा शाळेचे पटांगण पुरते. कलात्मक स्केटिंगचे तसे नाही. फरशीचा एक सांधा वर आला, वाळूचा एक खडा चाकाखाली आला, की उडी घेणारे मूल तोंडावर आपटते. त्याला छपराखालची, सपाट, रोज झाडलेली जागा लागते आणि नुसते पळवून न घेता उतरायचे कसे हे शिकवणारा प्रशिक्षक लागतो.

सोलापूरने या कामात पुढे यावे, असे मला मनापासून वाटते. हैदराबाद इथून रेल्वेने काही तासांवर आहे, आणि तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही भाषा इथल्या घराघरांत नांदतात. तिकडच्या प्रशिक्षकाला बोलावले तर त्याला परके वाटणार नाही. शीतयंत्रांचे रिंक चालवायचे तर विजेचे बिलच कंबरडे मोडेल. चांगल्या फरशीचा खर्च एकदाच येतो, आणि ती उन्हाळ्या-पावसाळ्यातही वापरता येते. महापालिकेने एक सभागृह सकाळ-संध्याकाळ राखून ठेवावे, दानशूरांनी पहिल्या वीस मुलांच्या स्केटचा भार उचलावा, आणि पालकांनी पहिल्याच वर्षी पदकाची विचारणा करू नये. पुढे त्यातल्या एखाद्या मुलीला बर्फावर जायचे असेल, तर पाते नव्याने शिकावे लागेल. पण तोल, लय आणि पडून उठण्याची सवय ती इथूनच घेऊन जाईल.