वाकलेल्या पाठीसाठी विन्यास योग

"दिवसभर रानात राबतो, मग आम्हाला आसनं कशाला? ती शहरात खुर्चीवर बसणाऱ्यांना!" पिकाच्या प्रात्यक्षिकासाठी गावात गेलो आणि बोलता बोलता योगाचा विषय निघाला, की हे उत्तर हमखास मिळते. ते अगदीच खोटे नाही. राबणाऱ्याचे अंग काटक असतेच. पण वाचकहो, काम वेगळे आणि व्यायाम वेगळा. खुरपणी, भातलावणी, कांदाकाढणी ही सगळी कामे पाठीला एकाच दिशेने, म्हणजे पुढे वाकवतात. दिवसातून शेकडो वेळा ती पुढे वाकते, मागे मात्र एकदाही वळत नाही. चाळिशी उलटली की घरची बाई कमरेला हात लावूनच उठते, आणि त्याचे कोणाला काही वाटतही नाही.

अशा पाठीला उपयोगी पडेल असा योगाचा एक प्रकार म्हणजे विन्यास. न्यास म्हणजे ठेवणे. विन्यास म्हणजे विशिष्ट क्रमाने ठेवणे. एक आसन करून थांबायचे नाही, तर श्वास घेताना एक हालचाल आणि सोडताना दुसरी, अशी आसनांची माळ गुंफायची. विसाव्या शतकात म्हैसूरला कृष्णमाचार्य यांनी ही पद्धत शिकवली. नाव नवे वाटले तरी आपल्याला ही गोष्ट परकी नाही. आपला सूर्यनमस्कार तरी दुसरे काय आहे? औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो आपल्या संस्थानातील शाळांत सुरू केला होता. (हे औंध सातारा जिल्ह्यातले, पुण्याजवळचे नव्हे.)

कृष्णमाचार्यांचे एक शिष्य पुणेकर झाले, ते बी. के. एस. अय्यंगार. जन्म 1918 चा, कर्नाटकातील बेल्लूरचा. लहानपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षय यांनी हा मुलगा पार खंगला होता. कृष्णमाचार्य हे त्याच्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे तो योग शिकला. 1937 साली गुरूंनी त्याला पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवले. वय अठरा, मराठीचा गंध नाही, बोलावणे सहा महिन्यांचे. तो इथेच राहिला. पुढे 1966 मध्ये त्यांचे 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक जगभर गेले, आणि 1975 साली शिवाजीनगर भागात, मॉडेल कॉलनीत, पत्नीच्या नावाने रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. आपण कामानिमित्त कृषी महाविद्यालयात येता, तिथून ती फार लांब नाही. 2014 मध्ये अय्यंगार गेले, तोवर त्यांच्याकडे शिकायला परदेशातून माणसे येत होती.

शिकवताना त्यांनी वेगापेक्षा नेमकेपणाला अधिक मान दिला. हात जमिनीला पोचत नाहीत? मग खाली लाकडी ठोकळा घ्या. पाय ताठ होत नाही? पट्टा लावा, दोराचा आधार घ्या. मला ही गोष्ट आपल्या घरांसाठी फार मोलाची वाटते. ठोकळ्याऐवजी फडक्यात गुंडाळलेल्या दोन विटा चालतात, पट्ट्याऐवजी उपरणे, आणि भिंत तर प्रत्येक घराला असतेच.

आता सुरुवात. सकाळी धारा काढण्याआधी, पोट रिकामे असताना, घसरणार नाही अशा जमिनीवर घोंगडी किंवा सतरंजी पसरावी. ताठ उभे राहून श्वास घेत दोन्ही हात वर न्यावेत. श्वास सोडत पुढे वाकावे. गुडघे वाकले तरी चालतील, हात विटांवर टेकावेत. श्वास घेत उजवा पाय मागे. श्वास सोडत डावाही मागे नेऊन कंबर वर उचलावी, शरीराचा डोंगर करावा. इथे एक श्वास घ्यावा आणि तो सोडता सोडता गुडघे, छाती, हनुवटी जमिनीला लावावी. मग श्वास घेत छाती वर उचलावी. दिवसभर पुढे वाकणाऱ्या पाठीला हवी असते ती हीच हालचाल, म्हणून इथे घाई नको. कोपर थोडे वाकलेले ठेवावेत, कमरेवर जोर देऊ नये. श्वास सोडत पुन्हा डोंगर, श्वास घेत उजवा पाय पुढे, सोडत डावा पुढे, आणि श्वास घेत उभे. पुढच्या वेळी डाव्या पायाने सुरुवात करावी.

पहिला आठवडा असे तीनच नमस्कार घालावेत. नवे खत आपण आधी थोड्या वाफ्यात घालून पाहतो, तसेच हे. धाप लागली तर श्वास हालचालीच्या मागे पडला असे समजून वेग कमी करावा. शेवटी पाच मिनिटे उताणे पडून राहावे. हा वेळ वाया जातो असे म्हणून कोणी उठू नये.

गरोदर बायका, रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असणारे आणि नुकतेच ऑपरेशन झालेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कमरेतून पायात कळ उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर व्यायाम बंद ठेवून दवाखाना गाठावा.

एवढेही ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी रानातली युक्ती सांगतो. खुरपताना ओळीच्या टोकाला पोचलात की बांधाशी उभे राहा. दोन्ही तळवे कमरेवर ठेवून, श्वास घेत छाती वर काढा आणि सोसवेल इतकेच मागे झुका. श्वास सोडत सरळ व्हा. असे पाच वेळा करून मगच दुसरी ओळ धरा.